डाव्या डोळ्याचा प्रयोग

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शरयूताई क्रीम लावायच्या ते फक्त डाव्या डोळ्याखाली. उजवा कोरडा. सदाशिव पेठेतल्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाई त्या. दोन्हीकडे लावलं तर फरक कळणार कसा? "डावा प्रयोग, उजवा साक्षीदार," त्या म्हणायच्या.

डोळ्यांखाली त्यांच्या चांगल्या भरलेल्या पिशव्या होत्या. बटाट्याच्या चकत्या, थंडगार चमचे, मंडईतून पारखून आणलेली काकडी, सगळं डाव्या डोळ्यावर होऊन गेलं. फरक शून्य. मग क्रीमच्या दुकानात जाऊन त्यांनी विक्रेतीपुढे चेहरा धरला. "तुमचं क्रीम कुठल्या डोळ्याला लावलंय, ओळखा."

तिने उजव्याकडे बोट दाखवलं.

"आभारी आहे," म्हणून शरयूताई बाहेर पडल्या.

शेवटी डॉक्टरांकडे गेल्या, सोबतीला मी. डॉक्टर म्हणाले, "ही चरबी आहे, घराण्यातूनच आलेली. क्रीमने जायची नाही. ऑपरेशन करता येईल."

"इतक्या दिवसांत खरं बोलणारे तुम्ही पहिले," शरयूताई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे तारीख ठरवली.

"दोन्ही डोळ्यांचं करायचं ना?" डॉक्टरांनी विचारलं. त्यावर त्या विचारात पडल्या, तेव्हा मला धडकीच भरली.

ऑपरेशनच्या आधी त्यांना वाघोलीला जायचं होतं. त्यांचे थोरले भाऊ तिथल्या वृद्धाश्रमात असतात. त्यांना आता कोणाचीच ओळख राहिलेली नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते जेवणाचं ताट दूर सारत होते. शरयूताई समोर बसल्या. भाऊंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग हात पुढे करून अंगठा त्यांच्या डोळ्याखालून हळूच फिरवला.

"आई, आज पण झोपली नाहीस का गं?"

मला वाटलं, बाई आता चूक दुरुस्त करणार. जन्मभर तेच केलं होतं.

"झोपते रे," त्या म्हणाल्या. "तू आधी दोन घास खा बघू."

भाऊ त्यांच्या हातून सगळा दहीभात जेवले.

परतताना रिक्षातूनच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "ऑपरेशन नको. नाही, भीती नाही. पिशव्या लागणार आहेत मला."

पुढच्या रविवारी त्या वाघोलीला निघाल्या, तेव्हा कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. एरवी त्या साधी टिकलीही लावत नाहीत. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आई लावायची," एवढंच म्हणून त्या जिना उतरू लागल्या.