हिरवळीवरून चालण्याची पात्रता

विद्येच्या मंदिरात कुणालाही मज्जाव नसतो. काहींची फक्त रोज चौकशी होते. इंग्लंडातल्या एका सहाशे वर्षं जुन्या कॉलेजात कृष्णवर्णीय डॉ. अराबा क्वान्सा नऊ वर्षं इतिहास शिकवत होत्या. अंगणातल्या हिरवळीवरून फक्त अध्यापकांनी चालायचं, बाकीच्यांनी कडेने, असा तिथला दंडक. (बदकांना सूट आहे.) एकदा नळदुरुस्तीवालाही शिडी घेऊन आरपार गेला, गोरा होता, कुणी हूं की चूं केलं नाही. क्वान्साबाईंना मात्र द्वारपाल विगिन्स न चुकता सांगे, "कडेने जा बाई. स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे."

बाईंनी तक्रार केली. कॉलेजने ती फार मनावर घेतली आणि 'आपलेपणा समिती' नेमली. सभासद अकरा, सगळे गोरे. टिपणं काढायला क्वान्साबाई, कारण विषयाचा अनुभव त्यांनाच. दोन वर्षांनी अहवाल आला: बाईंना ४१२ वेळा अडवलं, पैकी ४०९ वेळा अदबीने. म्हणजे सौजन्य ९९.३ टक्के. तरीही उपाय म्हणून बाईंचा तीन फुटी फोटो द्वारपालाच्या खोलीत लावला. रोज बघून चेहरा पाठ व्हावा, हा हेतू.

पुढच्याच मंगळवारी दहा वाजता बाईंची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती. हुकली तर पुन्हा पाच वर्षं अर्ज नाही. बाई पावणेदहाला दारात हजर.

विगिन्सने फोटो पाहिला, बाईंकडे पाहिलं. "डॉ. क्वान्सा मघाशीच आत गेल्या. मी स्वतः सलाम ठोकला."

"अहो, क्वान्सा मीच!"

"त्या तर आधी 'मी क्वान्सा नाहीच' म्हणत होत्या," विगिन्स समजुतीने म्हणाला.

आत गेल्या होत्या त्या झिंबाब्वेच्या डॉ. रूडो चिकोवोरे, शेवाळावर व्याख्यान द्यायला आलेल्या. क्वान्साबाईंपेक्षा वीतभर उंच, चष्मा लावणाऱ्या. निवड मंडळाने त्यांना सतराव्या शतकाबद्दल विचारलं. "मला इतिहासातलं काही कळत नाही," असं त्यांनी चारदा सांगितलं. मंडळाने नम्रतेचे जादा गुण दिले आणि एकमताने निवड केली.

अर्ध्या तासाने क्वान्साबाई मागच्या स्वयंपाकघरातून धापा टाकत पोचल्या, तेव्हा घोटाळा उघड झाला.

"आता ठराव फिरवणं बरं दिसत नाही," प्राचार्य म्हणाले. "आणि जागा शेवटी तुमच्यातच गेली ना?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समितीने या संतापाची स्वतंत्र नोंद घेतली.

वाचकहो, हसलात? हसा. साहेबाच्या देशात हे असं चालायचंच. आपल्याकडे रंगावरून कुणाला अडवत नाहीत. घर भाड्याने मागायला कुणी आलं, तर आपण फक्त पूर्ण नाव विचारतो.