उत्तमरावांचं तांब्याचं कडं

सकाळी पावणेसात वाजता दार वाजवून एखादा गृहस्थ म्हणाला, "वयनी, तुमचं ओलं पातळ दोरीवरून काढा, माही कॉइल सरकून राह्यली," तर तुम्ही काय कराल? तुमच्याकडे शहरात बहुधा पोलीस बोलावतील. केनवडला आम्ही पातळ काढतो. न काढल्यास तो गृहस्थ सात वाजायला पाच कमी असताना पुन्हा येतो.

हे आपले शेजारी उत्तमराव. पोलिसांच्या वायरलेसमध्ये जन्म घालवून निवृत्त झाले आणि आता हौशी रेडिओचा परवाना काढून तेच काम बिनपगारी करतात. त्यांच्या गच्चीवर, आपल्या कठड्याला अगदी लागून, तांब्याच्या नळीचं पुरुषभर उंचीचं कडं उभं आहे; तीच त्यांची कॉइल, म्हणजे रेडिओची एरियल. मागच्या खेपेला तुम्ही भाचेमंडळींनी बास्केटबॉलची सोय समजून त्यातून चेंडू टाकला होता. तो अजून जप्त आहे.

त्यातलं मला जेवढं समजलं तेवढं सांगते. त्यांच्या रेडिओच्या यंत्रातून निघालेली शक्ती या कड्यात पूर्ण शिरली पाहिजे. दोघांचा मेळ बसला नाही, तर ती दारातूनच परत फिरते आणि किती परत आली ते एक काटा दाखवतो. मेळ बसवायला एक गोल बटण केसभर फिरवायचं असतं. पण माणसाचा हात जवळ गेला तरी कड्याचा सूर हलतो, म्हणून उत्तमरावांनी बटणाला प्लास्टिकचा लांब पाइप जोडलाय. खोलीच्या खिडकीतून तो पाइप ते असा फिरवतात, की पलीकडे वाघ बांधला असावा. मांजर, लोखंडी खाट, माझी ओली साडी, सगळ्यांनी त्यांचा सूर बिघडतो. मी नुसती खोकले तर बिघडत नाही, ही सवलत त्यांनी मला आपणहून कळवली आहे.

जगात जे काही चालतं ते उत्तमराव याच काट्यावर मोजतात. "वापस किती आलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी शिस्तीवर चाळीस मिनिटं बोलले. मुद्दे क्रमाने, उदाहरणांसह. खाली उतरले तर हे पहिल्या रांगेत.

"वयनी, तुमी शंभर पाठवलं. नव्वद वापस आलं."

"म्हणजे?"

"पोट्टे झोपून राह्यले होते ना."

लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून "जेवण कसं झालं?" असं विचारतात, ते उत्तर ऐकण्यासाठी नव्हे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. उत्तमराव वरणापासून सुरुवात करतात. आता लोक त्यांना पत्रिका देतात आणि तारीख तोंडी चुकीची सांगतात. मी एकदा सुचवलं, की माणसाने थोडं गोड बोलावं. म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही, मी काहून बोलू?"

ही सगळी साधना एकाच माणसासाठी. रोज सकाळी सातला केरळातले कुरियन नावाचे असेच एक निवृत्त वायरलेसवाले मोर्सच्या टिंब-रेघांची कट्ट-कडकट्ट वाजवतात आणि हे इकडून वाजवतात. नोकरीत असल्यापासून सव्वीस वर्षं दोघांची मैत्री आहे, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. यंदा कुरियनला मुलाने आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. तिथे गच्ची नाही, खिडकीत वीतभर तार. त्यामुळे त्यांची खूण आता जेमतेम पोचते, आणि ती निसटू नये म्हणून माझ्या लुगड्यांवर जप्ती.

या उन्हाळ्यात मी गच्चीवर पत्र्याचं शेड घालायचं ठरवलं. पत्रे येऊन पडले, वेल्डर सोमवारी येणार होता. उत्तमराव टेप घेऊन हजर.

"वयनी, हे पत्रे चढले का माहा कुरियन गेला."

"कुरियन केरळात आहेत. पत्रे केनवडला."

"त्याचं आधीच अर्धं रस्त्यात सांडून राह्यलं. उरलेलं हा पत्रा खाऊन टाकीन."

"मग फोन लावा. फोनला पत्रा चालतो."

ते टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "उद्या सातले या. ऐका. मंग टाका पत्रे."

मी गेले. मुद्दाम सातला दोन मिनिटं असताना. यंत्रातून भजी तळल्यासारखी चरचर येत होती. उत्तमरावांनी पाइप जरासा फिरवला, थांबले, उलटा फिरवला. चरचरीच्या तळाशी एक बारीक आवाज लागला. तो इतका अडखळत होता, की मला माझ्या वर्गातली नापास मुलं आठवली.

"वायरलेसवाला माणूस असा अडखळतो?" मी म्हटलं.

"डाव्या हातानं करते. उजवा गेला." ते कागदावर अक्षरं उतरवत होते. "होळीच्या आधी लकवा मारला त्याले. वाचाबी गेली."

मी यंत्राजवळचं स्टूल ओढून बसले.

"फोन लावला होता ना वयनी. तिकडून नुसता श्वास येते. मी बोलून राह्यलो, तो श्वास घेऊन राह्यला. मंग पोरानं फोन घेतला, म्हणे पप्पा रडून राह्यले." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "इथं बोलते तो. हे पाहा, सून मीठ कमी टाकते म्हणते."

शेवटी कुरियनने विचारलं, माझा आवाज कसा येतोय? या लोकांत त्यालाही गुण देतात, तीन आकडी. भिंतीवर तक्ताच होता; पाच-नऊ-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. उत्तमरावांनी काट्याकडे पाहून वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, दोन-एक-नऊ. मग खटका दाबू लागले. दाबताना पुटपुटायची सवय आहे त्यांना. "पाच... नऊ... नऊ."

"उत्तमराव, वहीत तर..."

"हळू बोला, वयनी," ते म्हणाले, जणू केरळात ऐकू गेलं असतं.

थोड्या वेळाने तिकडून भराभर टिंबं आली. चार आणि दोन.

"हे काय?"

"हासून राह्यला."

जिना उतरताना मी सांगितलं, की दुकानदार पत्रे परत घेईल. आभार वगैरे काही नाही. म्हणाले, "अन् ते लोखंडी खाट?"

तीही हलवते म्हटलं. मग राहवलं नाही, म्हणून विचारलं, "आणि एखाद्या सकाळी काहीच आलं नाही, तर?"

"त्याचं नाई आलं तरी माहं तर त्याले पोचते ना," उत्तमराव म्हणाले. "मी सातले बसत जाईन."