जागा क्रमांक एक भरलेली आहे

लार्च क्रीकच्या मुक्कामाच्या तळावर तंबू-गाड्यांसाठी एकूण बावीस जागा होत्या आणि जुलैच्या पहिल्या शुक्रवारी बावीसच्या बावीस भरलेल्या होत्या. त्यांपैकी एकवीस जागांवर कोणीही नव्हतं.

उरलेली जागा, म्हणजे क्रमांक एक, यजमानांची होती. तिथे वर्लिन हॉगन आणि त्याची बायको डोरीन बत्तीस फुटी मोटारघरात राहत. पस्तीस वर्षं टपालाची वर्गवारी करून वर्लिन निवृत्त झाला, तेव्हा दोघांनी नेब्रास्कातलं राहतं घर विकलं, हे चाकांवरचं घर घेतलं आणि ते आयडाहोच्या जंगलात आले. वनविहार मंडळाने त्यांना उन्हाळाभर जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी फुकट दिली होती. बदल्यात वर्लिनने संडास धुवायचे, शेकोट्यांची राख काढायची, सरपणाच्या मोळ्या द्यायच्या आणि अस्वलं येऊ नयेत म्हणून लोकांना खाण्याचे डबे गाडीत ठेवायला लावायचे. दारापुढे ‘यजमान’ अशी लाकडी पाटी होती. ती तो रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत असे. ही जागा हातची गेली, तर उरणार होता तो ओमाहाला मुलाच्या गॅरेजपुढचा डांबरी तुकडा आणि सुनेचे आहाराविषयीचे सल्ले. त्यापेक्षा अस्वल बरं, असं डोरीनचं मत होतं.

एकवीस जागा माणसांवाचून कशा भरल्या, हे समजायला फारसं डोकं लागत नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला आरक्षण उघडे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे लोक जानेवारीतच जुलैवर रुमाल टाकून ठेवत. एकाच शनिवारसाठी चार चार जंगलांत टाकत. मग जुलै उजाडे, कोणाची मेहुणी येई, कोणाच्या कुत्र्याचं पोट बिघडे, आणि रुमाल तिथेच राहत. दर शुक्रवारी मंडळाकडून चिठ्ठ्या येत आणि वर्लिन त्या ज्याच्या त्याच्या खांबाला चिमट्याने लावी. चिठ्ठी लागली की जागा भरली.

त्या शुक्रवारी दुपारी रॉय ऑलरेड नावाचा गृहस्थ बायको, पाच मुलं आणि छपरावर सात सायकली घेऊन आला.

“काका, ही चौदा नंबरची जागा रिकामी आहे ना?”

“भरलेली आहे,” वर्लिन म्हणाला.

“पण इथे कोणी नाही.”

“नाहीच आहे. ज्यांच्या नावावर आहे, ते नाहीत.”

“मग आम्ही बसतो. ते आले की उठू.”

“ते न येण्याची शक्यता आहे,” वर्लिनने समजावलं. “म्हणून तर जागा धरून ठेवावी लागते. आले असते तर त्यांची त्यांनीच धरली असती.”

रॉयने एकवीस रिकाम्या जागांकडे पाहिलं, मग वर्लिनकडे पाहिलं आणि मुलांना परत गाडीत कोंबलं. मोटारघराच्या पायरीवर बटाटे सोलत बसलेली डोरीन म्हणाली, “स्वर्गाच्या दारावर तुलाच बसवतील बघ. आत एक माणूस नसेल, पण चिठ्ठ्या सगळ्या जागच्या जागी.”

सोमवारी मंडळाच्या अतिथी-समाधान समन्वयक ट्रिना बॅस्कम मॅडम प्रशस्तिपत्रक घेऊन आल्या. लार्च क्रीकचा वापर शंभर टक्के, तक्रारी शून्य आणि संडास तर आरशासारखे, असं त्यात लिहिलं होतं. वर्लिनचे कान लाल झाले.

“एवढी मागणी आहे म्हटल्यावर जागा वाढवायला हव्यात,” मॅडम म्हणाल्या. “सर्व्हे केला, तेव्हा प्रत्येक तळावर एक जागा अशी सापडली, जिचं आरक्षण कधीच होत नाही. उद्या सकाळी आठला त्या सगळ्या उघडतोय. तुमच्याकडची एक नंबर.”

“मॅडम, तिथे मी राहतो.”

“राहता हो, पण चिठ्ठी आहे का? नाही. म्हणजे कागदोपत्री ती रिकामी आहे.”

हा युक्तिवाद वर्लिनला इतका बिनतोड वाटला की त्याने आधी मान डोलावली आणि मगच ती जागा आपलीच आहे हे त्याला आठवलं. “मग मीच आरक्षण केलं तर?”

“अवश्य करा. सर्वांना समान संधी.”

मंगळवारी पावणेआठला दोघं रस्त्याच्या वरच्या वळणावर गेली. अख्ख्या तळावर फोनला एक दांडी रेंज मिळे ती तिथेच, आणि तीही फोन डोक्यावर धरला तर. डोरीन दगडावर चढून फोन धरून उभी राहिली, वर्लिन टाचा उंचावून खालून बोट चालवू लागला. आठ वाजले. पडद्यावर जाहिरात आली: ‘लार्च क्रीक, जागा क्रमांक एक. दाट सावली, ओढा, वीज, पाणी, सांडपाण्याची सोय. सोबत अनुभवी दांपत्य.’ वर्लिनने बटण दाबलं. जागा चार सेकंदांपूर्वी गेली होती.

‘क्षमस्व. तुम्हाला हीदेखील आवडेल,’ पडद्याने सुचवलं. ‘हकलबेरी तळ, जागा क्रमांक एक. दाट सावली, ओढा, वीज. सोबत अनुभवी दांपत्य.’ शेजारी उरलेल्या वेळेचे उलटे आकडे धावत होते. वर्लिनचं बोट आपोआप पडलं.

“मिळाली?” वरून डोरीनने विचारलं.

“आपली नाही. हकलबेरीची मिळाली.”

“तिथे जाणार आहेस?”

“छे. करारात आहे, यजमानाने आपल्याच तळावर राहिलं पाहिजे. पण मिळत होती, म्हटलं असू दे.”

शुक्रवारी चिठ्ठ्या आल्या. जागा क्रमांक एक, आ. पोकॉर्नी, चौदा दिवस. वर्लिनने ती आपल्या दारासमोरच्या खांबाला लावली, चिमटा सरळ केला आणि मागे वळला, तर रॉय ऑलरेड दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. या शुक्रवारी तरी जागा मिळेल म्हणून तो पुन्हा आला होता.

“वा काका. आता स्वतःला काय सांगणार?”

वर्लिनने दाढी खाजवली. रॉय आला नसता तर कदाचित त्याने चिठ्ठी खिशात घातली असती. पण साक्षीदार होता, आणि साक्षीदाराला पाच मुलं होती.

“हॉगन,” तो ताठ उभा राहून म्हणाला, “जागा खाली करा.”

“पंधरा मिनिटं द्या,” आतून डोरीन म्हणाली. “तव्यावर पॅनकेक आहे.”

नळ्या सुटल्या, वायर गुंडाळली, दारावरचं कापडी छत मिटलं आणि मोटारघर रस्त्यावर आलं. वळणावर जाऊन वर्लिनने मॅडमना फोन लावला. तळाबाहेर राहिलो तर? करार रद्द. दुसऱ्या जागेवर? सगळ्या भरलेल्या. रस्त्याच्या कडेला? वाहन उभं करायला मनाई.

“चालत्या वाहनाबद्दल काय नियम आहे?” वर्लिनने विचारलं.

मॅडमनी बराच वेळ पानं उलटली. “ताशी पाच मैल,” त्या म्हणाल्या.

तर हॉगन दांपत्य तळाच्या गोल रस्त्यावर ताशी पाच मैलांनी राहू लागलं. एक फेरी आठ मिनिटांची. वर्लिन चालवी तेव्हा डोरीन पॅनकेक करी, आणि उतारावर पॅनकेक तव्यातून आपोआप उलटत. संडास आला की वर्लिन बादली घेऊन उडी मारी, डोरीन स्टिअरिंग घेई, आणि पुढच्या फेरीला तो मागच्या शिडीला लटके. सरपणाच्या मोळ्या खिडकीतून मिळू लागल्या. रॉयने दोन फेऱ्या नुसत्या पाहिल्या आणि तिसरीला आपली गाडी मोटारघरामागे लावली. फिरायला चिठ्ठी लागत नाही, हे त्याला चटकन कळलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत जागा न मिळालेल्यांच्या एकोणीस गाड्यांची माळ एकवीस रिकाम्या जागांभोवती फिरत होती. मुलं चालत्या गाड्यांतून एकमेकांना सॉसेज देत होती, कोणी टपावर बसून अॅकॉर्डियन वाजवत होतं, आणि डोरीन तर हसून हसून खुर्चीवरून दोनदा घसरली. असा उन्हाळा आपल्या आयुष्यात झाला नाही, असं तिने शपथेवर सांगितलं.

सोमवारी मॅडमनी ही गर्दी पाहिली आणि फिरत्या जागाही संकेतस्थळावर टाकल्या. चार सेकंदांत गेल्या.

मंगळवारी वरच्या वळणावर फोन वाजला. डोरीन चालवत होती. वर्लिनने फोन खिडकीबाहेर उंच धरला.

“वर्लिन हॉगन का?” कोणी म्हातारी ओरडून बोलत होती. पाठीमागे इंजिनची घरघर होती. “मी आर्डिथ पोकॉर्नी, हकलबेरीची यजमान. मॅडमकडून नंबर घेतला. आमची एक नंबर तुमच्या नावावर आहे. येणार आहात की नाही? आम्ही नवरा-बायको चार दिवस गोल फिरतोय.”

वर्लिन खिडकीतून अर्धा बाहेर आला. “पोकॉर्नी? अहो, माझी एक नंबर तुमच्या नावावर आहे.”

“मला आमचीच हवी होती. ती गेली, तुमची मिळत होती, म्हटलं असू दे,” म्हातारी म्हणाली. मग वळण संपलं आणि फोन तुटला.

पुन्हा वळण यायला आठ मिनिटं होती. डोरीन म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती, “वर्लिन, तिचं घर तुझ्या खिशात आहे. दाब बटण. ती आपलं सोडेल. मला माझ्या पाटीपुढे खुर्ची टाकून बसायचंय.”

वळण आलं. फोन लागला.

“तुम्ही रद्द करा, लगेच मीही करते,” आर्डिथ म्हणाली.

वर्लिनचा अंगठा बटणावर होता. त्याला मनापासून घरी जायचं होतं आणि तितकीच मनापासून भीती वाटत होती. रद्द केलेली जागा चार सेकंदांत जाते. आपण सोडली आणि तिने नाही सोडली, तर हातात काय राहिलं?

“आधी तुम्ही करा,” तो म्हणाला.

“आधी तुम्ही.”

वळण संपलं. डोरीनने गाडी उताराला लावली.

वर्लिनला नावं ठेवणं सोपं आहे. पण हे वाचताना तुम्ही जिथे बसला आहात, तिथल्या शेजारच्या खुर्चीवर कोणाची पिशवी ठेवली आहे, तेवढं बघा. आणि कोणी उभ्या माणसाने विचारलंच, तर नेहमीसारखं सांगा, येतंय कोणीतरी.