एक नंबर राखीव

आमच्या शेजारचे चुरीकाका मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते बकरीला गोष्ट वाचून दाखवत होते. शाळेत बदली होऊन मी नुकतीच डहाणूत आले होते. सामानाचा टेम्पो अजून दारातच होता. पलीकडच्या अंगणात लेंगा-बनियन घातलेले एक गृहस्थ स्टुलावर बसून, चष्मा नाकावर ओढून, खणखणीत आवाजात वाचत होते आणि समोर बकरी कान टवकारून ऐकत होती. दुसरं पान संपलं तशी तिनं मान पुढे केली आणि दोन्ही पानं खाऊन टाकली.

"बघितलंत?" काका माझ्याकडे वळून म्हणाले, जशी काही आमची वीस वर्षांची ओळख. "आवडली तिला. कालची नुसती हुंगून सोडली होती."

त्या गोष्टीच्या लेखकाला त्यांनी पत्र घातलं. मी स्वतः वाचलंय ते. 'आपल्या कथेची पहिली दोन पाने परीक्षकांच्या विशेष पसंतीस उतरली. कृपया पुन्हा पाठवावीत.'

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. उभी नोकरी डहाणूतच झाली, चिकूच्या पेट्या दिल्लीला रवाना करण्यात. रिटायर झाल्यावर लोक समुद्रावर फिरायला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. काकांनी पुरस्कार काढला. बोलका प्राणी कथा पुरस्कार. ज्या लघुकथांत जनावर माणसासारखं बोलतं, रुसतं, कुरकुरतं, त्यांतल्या सगळ्यात चांगल्या कथेला दरवर्षी एक शाल, एक पेटी चिकू आणि गाईच्या गळ्यातली पितळी घंटा.

"काका, प्राण्यांच्याच गोष्टी का?" मी एकदा विचारलं.

"अहो बाई, पार्सल ऑफिसात माणसं बोलायची ती सगळी खोटं. आत कच्चा माल आणि वर तोंड करून सांगणार, साहेब एक नंबर आहे! खरं बोलायच्या त्या करंडीतल्या कोंबड्या. मला कळायचं नाही, एवढंच."

नियमांचा एक छापील कागद होता. प्राणी बोललाच पाहिजे. शेवटी तात्पर्य लिहिल्यास कथा बाद. आणि तिसरा नियम, मासे बोलणार नाहीत. हा नियम नरपडच्या एका बाईंमुळे आला. त्यांनी बोंबलाचं आत्मचरित्र लिहून पाठवलं होतं. ते इतकं उत्तम होतं, की काकांच्या घशाखाली पंधरा दिवस बोंबील उतरेना. "असं चाललं तर आपण खायचं काय?" काका म्हणाले आणि त्याच दिवशी तमाम मासे मुके झाले. त्या बाई भांडायला थेट घरी आल्या. जाताना त्यांनीच आणलेले सुके बोंबील ठेवून गेल्या. काकांनी ते खाल्ले.

एकदा उंबरगावहून कुणाचातरी फोन आला, "काका, गुजरातीमां लखेलुं चालशे?"

"चालशे, चालशे! पण म्हैस मराठीत बोलली पाहिजे."

घंटा विजेत्याच्या गळ्यात घालायची, शालीवरून. उधव्याच्या एका मास्तरांना एक वर्षी पुरस्कार मिळाला. ते आनंदाच्या भरात घंटा गळ्यातून काढायलाच विसरले आणि चारोटीला हॉटेलात जेवायला बसले. प्रत्येक घासाला टण्ण, प्रत्येक घासाला टण्ण. वेटर पाणी द्यायला जवळ येईना म्हणे.

गोष्ट पोस्टानं आली की काका तिचं पार्सलच करायचे. आधी तराजूवर वजन. मग पुठ्ठ्याचं लेबल, सुतळीची गाठ, वहीत नोंद. चिकू तयार झालाय का ते बघायला आमच्याकडे साल नखानं जरासं खरवडतात, आत हिरवं दिसलं की तो कच्चा. काका गोष्टीचंही तसंच करायचे. मधलंच एखादं पान उघडून एक ओळ वाचायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "माल हिरवा आहे. परत." हा त्यांचा पेटंट शब्द. भाजीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत त्यांना न पटलेला प्रत्येक माणूस हिरवा होता.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला सहपरीक्षक करून टाकलं. विचारलं वगैरे नाही, नुसता गठ्ठा आणून दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लेबलं दोन नंबरापासून सुरू होतात.

"एक नंबर कुठाय?"

"एक नंबर राखीव आहे. बुकिंग झालंय, डिलिव्हरी बाकी."

असेल काही रेल्वेचं खूळ, म्हणून मी सोडून दिलं.

आता नलूकाकू. काकांच्या पत्नी. माझ्याशी तासन्‌तास बोलायच्या, पण काकांशी अवाक्षर नाही. भांडण म्हणाल तर तेही नाही. दोघांच्या मध्ये होती मनी, एक करड्या रंगाची जाडजूड मांजर. सगळा कारभार तिच्यामार्फत चालायचा.

"मने, सांग त्यांना, चहा झालाय."

"मने, विचार तिला, साखर घातलीय का."

"मने, म्हणावं डॉक्टरांनी बंद केलीय, विसरले का?"

मनी मधोमध बसून पाय चाटायची. माझ्या माहेरीही आजी रुसली की आजोबांना असे निरोप जायचे, पण ते संध्याकाळपर्यंत. हे किती दिवस चाललंय, असं मी काकूंना विचारलं. "पुरस्काराला जेवढी वर्षं झाली तेवढी," त्या म्हणाल्या. म्हणजे नऊ!

मग त्यांनीच सांगितलं. पुरस्काराची जाहिरात निघाली, तेव्हा पहिली गोष्ट आली ती काकूंची. कोंबडीची गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेली, चोरून, भात शिजेपर्यंतच्या वेळात. काकांनी ती वाचली आणि परत केली. तीही कशी? पोस्टानं! स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर! पोस्टमननं दारात काकूंच्या हातात पाकीट दिलं, त्यांनी ते तिथंच उघडलं. वर तांबड्या शाईचा शिक्का होता, माल हिरवा.

"मी म्हटलं, मने, सांग त्यांना, आजपासून त्यांचं-माझं बंद."

"आणि काका काय म्हणाले?"

"म्हणाले, मने, सांग तिला, बरं."

धन्य तो माणूस!

यंदा थंडीत मनी गेली. म्हातारी झाली होती, उन्हात झोपली ती उठलीच नाही. काकांनी तिला तगरीखाली पुरलं आणि घरात चिडीचूप झालं. दोन दिवसांनी काकू माझ्या दारात. "वैशाली, त्यांना सांग गं, गॅस संपलाय." संध्याकाळी काका कुंपणापाशी. "बाई, तिला सांगा, नंबर लावलाय." मी एम. ए., बी. एड., शाळेत साठ पोरांना गप्प बसवणारी बाई. मला या दोघांनी मांजर केलं! आमचे हे तर मला घरात "मने" म्हणायला लागले.

पण पंधरा दिवसांनी काकू आल्या, त्या बसल्याच नाहीत. "त्यांना सांग, मी वापीला जाते. संजूकडे. कायमची." संजू म्हणजे त्यांचा मुलगा, तिकडे कंपनीत आहे. "मनी होती तोवर घरात माझा आवाज तरी होता. आता मी बोलू कुणाशी? त्यांचा समारंभ झाला की त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघेन. तेवढं त्यांचं कार्य बिघडायला नको."

मी धावत काकांकडे गेले. ते लेबलं कापत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांची कात्री थांबली.

"नग किती?"

"काय?"

"सामान, बाई. किती नग?"

"एक बॅग," मी म्हटलं. त्यांनी एक लेबल घेतलं, वळणदार अक्षरात 'वापी' लिहिलं आणि सुतळी ओवून माझ्या हातात दिलं. मला इतका संताप आला, की ते लेबल त्यांच्याच कपाळाला बांधावंसं वाटलं. काकूंनी मात्र ते बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि मुकाट बॅगेला बांधलं.

समारंभाला आठ दिवस होते, तेव्हा पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. काका ते घेऊन माझ्याकडे आले. वजन केलेलं नाही, लेबल नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता तोच ज्याला पाठवलं त्याचा. अक्षर काकूंचं.

"तुम्ही वाचा," काका म्हणाले. "मला नखसुद्धा लावता येत नाहीये."

मी वाचायला लागले. चारच पानं होती. मनी बोलत होती. 'या घरात मी नऊ वर्षं हमाली केली. तिचे निरोप त्याला, त्याचे तिला. ती म्हणायची, सांग, डाळ करपली. तो म्हणायचा, सांग, चालेल. नाव माझं घ्यायचे, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. दोघंही माझ्या पाठीवरून एकमेकांकडे बघायचे. आता माझे पाय दुखतात. पुढचे निरोप तुमचे तुम्ही पोचवा.'

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, "काका, सहपरीक्षकाचं मत लिहून घ्या. ही पहिली."

त्यांनी पानं परत पाकिटात सरकवली. पाकीट घेऊन घरी गेले.

समारंभ वाचनालयाच्या माडीवर झाला. तेवीस माणसं होती, त्यांतली सात-आठ चिकूसाठी आलेली. नरपडच्या बोंबीलवाल्या बाईही होत्या, मासे बोलायला लागले का ते बघायला. काकू पहिल्या रांगेत, पायाशी बॅग, बॅगेला लेबल. सारखं लक्ष घड्याळाकडे. काका उभे राहिले. दरवर्षी ते पंचवीस मिनिटं नियम वाचतात. यंदा त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "एक नंबर."

मी चमकलेच. त्यांनी मनीचे ते निरोप वाचले. वाचता वाचता दोनदा अडले, तिसऱ्यांदा पाणी प्यायले. मग कागद खाली ठेवून पहिल्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाले,

"अगं."

एवढंच. माडीवरच्या सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथल्या अर्ध्या लोकांना हे प्रकरण ठाऊक होतं, डहाणू काही मोठं नाही.

"अगं, कोंबडीची गोष्टसुद्धा तयारच होती. मी घाबरलो. पहिल्याच वर्षी बायकोला दिलं म्हणतील लोक, म्हणून परत केली. परत करायच्या आदल्या रात्री अख्खी वहीत उतरवून घेतली होती मी. दरवर्षी एक नंबर तुझ्यासाठी मोकळा ठेवत आलो. वाटायचं, यंदा पाठवेल, यंदा पाठवेल. तुझा माल हिरवा नव्हता गं. हिरवा मी होतो."

काकूंनी मान वळवली आणि मला शोधलं. "मने, सांग त्यांना..."

"मी आज परीक्षक आहे, काकू," मी म्हटलं. "मांजर नाही."

काकू उठल्या. पदर सारखा केला. नऊ वर्षांचं कुलूप ते, सहज कसं उघडेल? ओठ हलले, आवाज फुटेना. आणि फुटला तो असा, की खाली रस्त्यावरच्या माणसांनी वर बघितलं.

"अहो! मग नऊ वर्षं तोंडात काय चिकू धरला होता?"

हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या. काका घंटा घेऊन पुढे आले, तर काकू दोन पावलं मागे सरल्या. "गळ्यात नको. लग्नात घातलंत तेवढं पुरे." मग त्यांनी घंटा हातातच घेतली. काका वाकले, खिशातल्या चाकूनं बॅगेचं लेबल कापलं आणि दुमडून खिशात टाकलं. वापीची गाडी गेली तेव्हा आम्ही सगळे चिकू खात होतो. संजूला फोन मी करते म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "नको, हे करतील."

माझी मांजराची नोकरी त्या दिवशी सुटली. आता भिंतीपलीकडून दिवसभर कचाकचा भांडणं ऐकू येतात. नऊ वर्षांचा बॅकलॉग आहे, वेळ लागणारच. घंटा काकूंनी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलीय, पण चहा झाला की त्या ती वाजवत नाहीत. तिथूनच हाक मारतात, "अहो!"

काका अंगणात स्टुलावर असतात. त्यांचे कान शाबूत आहेत, मला पक्कं माहीत आहे. तरी ते उठत नाहीत. हातातलं पान तसंच धरून बसून राहतात, दुसरी हाक येईपर्यंत.