जेवणानंतर संगमरवर वर्ज्य

दोन हजार वर्षं उभी असलेली वास्तू आणखी दोन तास थांबू शकते. उकळत्या पाण्यातून निथळलेला पास्ता दोन मिनिटंही थांबत नाही. आम्हा इटालियन लोकांची सगळी संस्कृती या एका तत्त्वामुळे सुरक्षित राहिली आहे. आम्ही आमच्या प्राचीन वास्तूंच्या फार जवळ जात नाही, म्हणून त्या टिकल्या, असं माझं नम्र मत आहे. (परदेशी पाहुणे जातात. ते दुपारी उभ्या उभ्या सँडविच खातात, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ असतो.)

मी मोदेनाच्या नगरपालिकेत, बांधकाम परवाना खात्यात, सव्वीस वर्षं काढली आहेत. त्यामुळे यंदाच्या सप्टेंबरात आमच्या कुटुंबानं पेरुजा, ओर्व्हिएतो आणि रोम या शहरांचा जो पाच दिवसांचा अभ्यासदौरा केला, त्याचा अहवाल लिहिणं ओघानंच माझ्याकडे आलं. दौऱ्यात आम्ही चौघं होतो: मी, माझी बायको लोरेदाना, तिचे थोरले बंधू तुल्लिओ आणि त्या दोघांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई एर्सिलिया, वय एक्याऐंशी.

दौऱ्याचं कारण सासूबाई. त्यांचा उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला होता. डावाही नाताळपर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मला ते चित्र एकदा बघायचंय." रोममध्ये नदीपलीकडे एका लहानशा चर्चच्या भिंतीवर एक जुनं चित्र आहे. लग्नानंतर आठ दिवसांनी त्यांनी ते सासरेबुवांबरोबर पाहिलं होतं. सासरेबुवा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच संध्याकाळी दौरा एकमतानं मंजूर झाला आणि तुल्लिओंनी मुद्द्याचा प्रश्न काढला, जेवायचं कुठे?

तुल्लिओ हे जन्मजात दौराप्रमुख. त्यांच्या बॅगेत आमच्याकडच्या चीजचा दोन किलोंचा तुकडा होता (दक्षिणेत लोक मेंढीच्या दुधाचं खातात, त्यांचा नाइलाज असेल), पंचवीस वर्षं मुरलेल्या व्हिनेगरची बाटली होती आणि कॉफीचं भांडं होतं. कपडेही होते.

दौऱ्याची नियमावली त्यांनी गाडीतच वाचून दाखवली. कॅपुचिनो अकराच्या आत. त्यानंतर दूध पोटात गेल्यास जबाबदारी ज्याची त्याची. सकाळी प्रथम भाजीबाजार पाहणे, कारण गावात काय ताजं आलंय हे कळल्याशिवाय मागवायचं काय? मग जागेचा शोध. एक ते तीन जेवण. तीन ते सहा पचन. आणि शेवटचं, सर्वांत कडक कलम: पचनकाळात संगमरवरी, भूमिगत अथवा ओलसर जागी प्रवेश वर्ज्य. भरल्या पोटी गारव्यात गेलेला माणूस जागच्या जागी आडवा होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दुर्दैवानं आमच्या पूर्वजांनी जे जे म्हणून बांधलं ते संगमरवरी, भूमिगत किंवा ओलसर आहे. त्यांच्या दूरदृष्टीबद्दल मला इथे काही बोलायचं नाही.

पेरुजाला अडीच हजार वर्षांपूर्वीची विहीर आहे. तिच्या दारात तुल्लिओंनी हात पुढे करून आतला गारवा तपासला आणि परवानगी नाकारली. कबुतराचा रस्सा नुकताच पोटात गेला होता. ओर्व्हिएतोला आम्ही मात्र कलेच्या अगदी निकट होतो. खानावळीच्या खिडकीतून समोरच कॅथेड्रल दिसत होतं. पण त्या बाजूला लोरेदाना बसली होती आणि तिच्या मानेला वारा लागत होता, म्हणून पडदा ओढून घेतला. रानडुकराचं मटण उत्तम होतं. रोममध्ये कलोसियम डाव्या हाताला लागलं. त्या वेळी चर्चा उजव्या हाताच्या खानावळीची चालू होती.

सासूबाईंचं चर्च सकाळी नऊ ते साडेबारा उघडं असतं आणि दुपारी चार ते सहा. सकाळी बाजार आणि शोध, दुपारी पचन. वेळापत्रकात शोधूनही फट सापडत नव्हती. याला मी सुबक नियोजन म्हणतो. रोज संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "उद्या ना रे?" आणि तुल्लिओ त्यांचा हात थोपटून म्हणायचे, "उद्या नक्की, आई. आज ते कोकरू अजून खाली उतरलं नाहीये." मग त्या मान हलवायच्या आणि रस्त्यावरच्या दिव्यांकडे डाव्या डोळ्यानं बराच वेळ बघत बसायच्या.

चार दिवसांची, म्हणजे जागेपणीच्या छप्पन्न तासांची आकडेवारी अशी: प्रत्यक्ष जेवण सतरा तास, जेवणाविषयी चर्चा पंधरा (त्यातली निम्मी जेवताना पुढच्या जेवणाविषयी, पण ती वरच्या रकान्यात धरलेली नाही), पचन बारा, जागेचा शोध आठ, प्रवास तीन तास एकोणपन्नास मिनिटं. उरलेली अकरा मिनिटं प्राचीन अवशेषांना दिली. त्यांतली सात चुकीच्या रांगेत गेली.

पाचव्या दिवशी सव्वाचारची परतीची गाडी होती. लोरेदाना सकाळीच कडाडली, "दादा, आज बाजार नाही. आईला आधी चर्चला न्यायचं." तुल्लिओंनी तत्त्वतः मान्यता दिली. वाटेत फक्त अंजिरं बघू म्हणाले. आम्ही चर्चच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि चर्चचा राखणदार, फिओरेन्झो नावाचा एक गोलमटोल गृहस्थ, दाराला किल्ली लावत होता.

"अजून पाच मिनिटं आहेत," मी म्हणालो.

"ती कुलूप लावायची आहेत," तो म्हणाला. "कोपऱ्यावर बायकोची खानावळ आहे. तिनं पाणी उकळायला ठेवलंय."

तुल्लिओंनी आदरानं टोपीच काढली. "काय आहे आज?"

"बैलाची शेपूट. सकाळपासून चुलीवर आहे. वर मेंढीचं चीज."

"मेंढीचं कशाला?" तुल्लिओंनी बॅग उघडली. "हे घालून बघा एकदा. माणसांनी खायचं आहे."

"उत्तरेचे का तुम्ही?"

"मोदेना."

"तरीच. तिकडे व्हिनेगर औषधासारखं थेंब थेंब घेतात म्हणे."

"घेतात. तुमच्याकडे रश्श्यात कोको घालतात म्हणे, ते खरं का?" लोरेदानानं मध्येच विचारलं.

"घालतात म्हणजे? नाही घातला तर ती शेपूट बैलालाच परत द्यावी!"

वाद पेटला. पायऱ्यांवर चीज कापलं गेलं, बोटांनी चाखलं गेलं. कोको शेवटी घालावा की आधी, यावर मीसुद्धा दोन शब्द बोललो, आणि चांगले बोललो. बराच वेळ गेल्यावर लोरेदाना दचकून म्हणाली, "आई कुठंय?"

किल्ली कुलपात तशीच लोंबत होती आणि दार हातभर उघडं होतं.

मी आत गेलो. (माझं पोट रिकामं होतं, त्यामुळे नियमभंग झाला नाही.) आमच्या चर्चमधली चित्रं अंधारात असतात, भिंतीवरच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा तीन मिनिटं लागतो. लांब एका कोपऱ्यात तो लागलेला होता आणि सासूबाई भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, डावा डोळा पुढे करून. मी चालत चालत त्यांच्या जवळ पोचलो तेवढ्यात खट् आवाज झाला आणि दिवा गेला. त्या तशाच अंधारात बघत राहिल्या. त्यांचे गाल ओले होते आणि त्या हसत होत्या. मला लाज वाटली, एवढं नोंदवून ठेवतो.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं. तू पण बघ की, अमिल्कारे."

माझ्या खिशात नाणं होतं. पण बाहेरून तुल्लिओंची हाक आली, "अहो जावईबापू, पास्ता सोडलाय पाण्यात!" मी सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना सांभाळून बाहेर आणलं.

"आई, आत किती गार होतं," तुल्लिओ काळजीनं म्हणाले. "भूक लागली ना?"

"लागली रे," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नाताळ सांगितला होता; डावा डोळा नोव्हेंबरातच गेला. आता त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून आवाजावरून भांडी ओळखतात. दौऱ्याचा हा अहवाल मी आजवर शेजारीपाजारी, कचेरीत आणि नातेवाइकांत मिळून एकतीस जणांना वाचून दाखवला. एकतीसच्या एकतीस जणांनी एकच प्रश्न विचारला, ती शेपटीवाली खानावळ नेमकी कुठे?

भिंतीवर कशाचं चित्र होतं, हे मी या अहवालात कुठेही लिहिलेलं नाही, कारण मला ते माहीत नाही. वाचक सुज्ञ आहेत. कबुतर, रानडुक्कर, कोकरू सगळं त्यांच्या नीट लक्षात आहे, आणि चित्रावाचून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही. तेव्हा त्यांच्या सोयीसाठी पत्ता देतो: चर्चच्या पायऱ्या उतरून डावीकडे, हिरवं दार, बेल बंद आहे, सोमवारी सुट्टी. साडेबाराला पोहोचा. त्या वेळी चर्च बंद झालेलं असतं, म्हणजे तुमचाही खोळंबा व्हायचा नाही.