तुम्हीच म्हणाला होतात

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत चालू होती. होमाच्या धुराने स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून मी स्टुलावर चढून त्याला टॉवेल गुंडाळत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात ओव्हरकोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ बुटांवरचा बर्फ झटकत उभे. हातात ब्रीफकेस.

"क्षीरसागर. आयुर्विमा," ते म्हणाले. "आपलं बोलणं झालं होतं."

मला काही आठवेना.

"तुम्हीच म्हणाला होतात, घर घेतलं की बघू. घेतलंत. अभिनंदन!"

मग आठवलं. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहत असताना कधीतरी त्यांचा फोन आला होता आणि तो संपवण्यासाठी मी तसं म्हणालो होतो. 'घर घेतलं की बघू' याचा अर्थ मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. क्षीरसागरकाकांना तो कळत नव्हता, किंवा ते कळून घेत नव्हते. ते प्रसाद घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. अखेर मी पॉलिसी घेतली. विम्याचं महत्त्व पटलं म्हणून नव्हे. पुढची सबब सुचेना म्हणून.

विम्याच्या धंद्यात गिऱ्हाईक होऊ शकेल अशा माणसाला 'लीड' म्हणतात. इथल्या इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर तेव्हा काचेची बरणी असायची. नाव-नंबर लिहून चिठ्ठी टाका, प्रेशर कुकर जिंका. कुकर कुणाला लागला हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही, पण चिठ्ठ्या एजंटांना लागत. ते पंधरा दिवस फोन करकरून दमत आणि चिठ्ठ्या टाकून देत. पुष्कळसे धंदाच सोडत. त्यांची खोकी काका घरी न्यायचे. काही चिठ्ठ्या तर डॉटकॉम कंपन्या बुडाल्या तेव्हाच्या होत्या.

"शिळ्या चिठ्ठ्या या, काका," मी एकदा म्हणालो.

"शिळं काय त्यात? माणूस तोच आहे. तेव्हा जरा बिझी होता, एवढंच."

अमेरिकन नावांच्या चिठ्ठ्या ते बाजूला काढत. "ते लोक 'नो, थँक यू' म्हणतात आणि फोन ठेवतात. विषय संपला. आपला माणूस नाही म्हणत नाही. मुदत मागून घेतो. मुदत संपली की आपण हजर!"

त्याच सुमारास आमच्या महाराष्ट्र मंडळात आणखी एक विमा एजंट होते. ते स्वतःला वेल्थ काउन्सेलर म्हणवत, परिषदांना जाऊन काचेच्या ट्रॉफ्या आणत आणि गणपतीच्या आरतीनंतर निवृत्तीच्या नियोजनावर भाषण करत. काकांना ट्रॉफी कधी मिळाली नाही. ते त्या भाषणांना शेवटच्या रांगेत बसत आणि कोण कोण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतंय ते ऐकून ठेवत.

पुढे ते दर शनिवारी सकाळी आमच्या किचनमध्ये बसून फोन करू लागले. त्यांच्या फ्लॅटवर सिग्नल मिळत नाही, हे कारण. काकू गेल्यापासून त्या फ्लॅटवर बरंच काही मिळत नसावं. माझी बायको वैशाली त्यांना पोहे करून द्यायची आणि आम्ही आपापल्या कामांचं सोंग करत ऐकत बसायचो.

प्रत्येक फोनची सुरुवात आडनावाच्या स्पेलिंगने. "क्षीरसागर. के अ‍ॅज इन किंग, एस अ‍ॅज इन सॅम..."

"अहो काका, मराठी माणसाला काय स्पेलिंग सांगता?" वैशाली हसायची.

"परत फोन करावासा वाटला, तर माणूस सापडायला हवा ना!"

विक्री जवळपास होत नसे. "ग्रीन कार्ड झालं की घेतो म्हणाला होतात," असं काकांनी म्हणावं, तर पलीकडच्याची नोकरीच गेलेली, सामान बांधून तो पुण्याला निघालेला. "खोकी विकत घेऊ नका," काका सांगत. "लिकर स्टोअरवाला फुकट देतो. मजबूत असतात." एका बाईंना ते म्हणाले, "मिस्टरांना विचारून सांगते म्हणाला होतात, वहिनी." मग ते एकदम उठून उभे राहिले आणि उभ्यानेच पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मिस्टर आदल्या हिवाळ्यात गेले होते. विमा नव्हता. त्यानंतर बर्फ पडला की काका आधी त्या बाईंच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून मग आमच्याकडे येत. पोहे निवलेले असत. ते तसेच खात.

मंदीची कुणकुण लागलेल्या त्या हिवाळ्यात, एका शनिवारी, वैशालीने सहज विचारलं, "काका, नातवाला बघून आलात की नाही?"

त्यांचा मुलगा निखिल सिअ‍ॅटलला असे. नातवाचा फोटो ईमेलने आला होता. तो प्रिंट करून त्यांनी आम्हाला दाखवलाही होता.

"नाही," काका म्हणाले. चमचा खाली ठेवला. "त्याच्या लग्नालाही मी गेलो नव्हतो."

वैशाली गॅस बंद करून समोर येऊन बसली.

"मुलगी अमेरिकन. मला पसंत नव्हतं. त्याने फोन केला, डिसेंबरात लग्न आहे, या. मी म्हणालो, थंडी सरली की बघू." काका खिडकीबाहेर बघत होते. "त्याने लग्न एप्रिलवर ढकललं."

"तुमच्यासाठी?"

"त्याला वाटलं, बाबांना थंडी सोसत नाही. इथेच वाढलाय तो. म्हटलं ते खरं धरतो. एप्रिलमध्येही गेलो नाही. त्याने माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती म्हणे."

"आणि आता?"

"मीच विचारलं मध्यंतरी, येऊ का म्हणून. तो म्हणाला, आफ्टर द बेबी, बाबा."

वैशालीचा चेहरा उजळला. "मग झाली की मुदत! करा फोन. त्यानेच म्हटलं होतं!"

काकांनी मोबाइल हातात घेतला. बुडालेल्या कंपन्यांतल्या, नोकऱ्या गेलेल्या, कधीच न भेटलेल्या माणसांना बेधडक फोन करणारा तो माणूस बटणांकडे बघत बसला.

"तो आपल्यासारखं म्हणाला असेल तर?" त्यांनी विचारलं. "माझाच मुलगा आहे."

वैशालीने त्यांची बशी उचलली आणि टेबल पुसून दिलं, कामाला बसणाऱ्या माणसाला देतात तसं.

काकांनी कोटाचं वरचं बटण लावलं, ताठ बसले आणि नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. मग व्हॉइसमेल.

"गुड मॉर्निंग," काका म्हणाले. आवाज धंद्याचा. "धिस इज क्षीरसागर. के अ‍ॅज इन किंग, एस अ‍ॅज इन सॅम, एच अ‍ॅज इन हेन्री..." स्वतःच्या मुलाला त्यांनी आडनावाचं स्पेलिंग शेवटच्या अक्षरापर्यंत सांगितलं. मग आपला नंबर सांगितला. मग तोच पुन्हा, सावकाश. "थँक यू फॉर युअर टाइम," म्हणाले आणि फोन बंद केला.

मोबाइल त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, सिग्नल सगळ्यात चांगला येतो तिथे. खोकं समोर उघडंच होतं.

"आज बाकीचे फोन नाही करायचे?" मी विचारलं.

"नको," काका म्हणाले. "त्याने केला, तर बिझी लागायला नको."