माझ्या हाताखालचा रेडिओ

चांगलं काम करणाऱ्या माणसाशेजारी नवशिक्याला नुसतं बसवलं तरी तो घडतो, त्यासाठी तोंडाची वाफ दवडावी लागत नाही, असं मी आदल्या संध्याकाळी आमच्या ह्यांना ठणकावून सांगितलं होतं. ठणकावून म्हणजे माझ्या आवाजात. ह्यांनी टीव्ही बंद केला तेव्हा कुठे त्यांना ते ऐकू गेलं.

"पण तू दुपारपर्यंत बोलतच नाहीस. शिकवणार कशी तिला?"

"आचरणातून."

"देव त्या मुलीचं भलं करो," म्हणत ह्यांनी पुन्हा टीव्ही लावला.

मी त्यांना क्षमा केली. रोज एका माणसाला मनापासून क्षमा करायची, हे माझं एक व्रतच आहे. ते बहुधा घरच्या घरीच खर्ची पडतं.

मुख्य व्रत मात्र मौनाचं. सकाळी देवापुढे दिवा लावला की ओठ मिटायचे, ते ऑफिसात जेवणाची सुट्टी होईपर्यंत. खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्याचपाट्या नाहीत. आमची कंपनी गिझर विकते आणि मी तक्रारींच्या विभागात आहे. तिथे मौन कसं चालतं, असं तुम्ही विचाराल. सकाळी मी आदल्या दिवशीचे रेकॉर्ड केलेले फोन ऐकत बसते आणि ग्राहकांशी कोण कसं बोललं, त्याला गुण देते. हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. नव्या मुलीलाही कुणी सांगितली नाही.

तिचं नाव मुलाखतीतच पडलं होतं, रेडिओ. मुलाखत घेणाऱ्यांना प्रश्न विचारायला सवडच मिळाली नव्हती म्हणे.

सकाळी आमच्या विभागाच्या साहेबांनी तिला माझ्या शेजारी आणून बसवलं. "ह्या ताई तुझ्या मार्गदर्शक. त्या करतात तस्संच करायचं, मधे प्रश्न नकोत. जेवणाच्या सुट्टीआधी मोठे साहेब येतायत. तुला ठेवायचं की नाही, ते ठरवतील."

साहेबांची पाठ वळली आणि रेडिओ सुरू झाला. "ताई, फार बोलते म्हणून मला दोन ठिकाणांहून काढलंय. इथूनही काढलं ना, तर मामा मला त्याच्या दुकानात खिळे तोलायला बसवणार आहे. मी खिळ्यांशी काय बोलू, ताई? तुम्ही मला घडवा."

मला भरून आलं. मी गोड हसले, हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि कामाला लागले. कालच्या फोनवर एक गृहस्थ गार पाण्यावरून गगनभेदी ओरडत होते. मी मनात नामस्मरण सुरू केलं. माझे ओठ तेवढे हलतात.

डोळे उघडले तर रेडिओ माझ्याकडे भक्तिभावाने बघत होती. "तो माणूस एवढा ओरडतोय, मला इथे ऐकू येतंय, आणि तुम्ही त्याला एक अक्षर बोलत नाही! अस्सं असतं होय?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो घेतला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली.

मार्गदर्शक म्हणून तिचे फोन माझ्याही कानाला जोडलेले होते. पलीकडच्या बाई कडाडल्या, "हॅलो? हॅलो! गिझर बंद आहे आमचा. ऐकताय ना? बोला की! ... बरं, मीच जरा रागात बोलले. थांबा हं. अगंबाई, बटणच बंद होतं की. सॉरी हं, ताई."

पुढच्या काकांनी आधी शिव्या दिल्या, मग सुनेची गाऱ्हाणी सांगितली, मग हलकं वाटलं म्हणून आभार मानले. गिझरचं ते विसरूनच गेले. मी आतल्या आत देवाला हाका मारत होते. देवाचंही मौन असावं.

साहेबांनी पडद्यावर पाहिलं, तर शिल्लक तक्रारी शून्य! "याला म्हणतात मार्गदर्शन!" त्यांनी सगळ्या विभागाला तिचा कित्ता गिरवायला लावलं. बघता बघता अख्खा हॉल डोळे मिटून ओठ हलवत बसला. साहेबसुद्धा.

आणि रेडिओचा फोन पुन्हा वाजला. "मी लिफ्टमध्ये अडकलोय!"

आवाज मी ओळखला. मोठे साहेब! लिफ्टमधलं संकटाचं बटण आमच्याच फोनला जोडलेलं आहे. त्यासाठी वेगळा माणूस कशाला, हा त्यांचाच हुकूम. रेडिओने त्यांचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. तिने शांतपणे डोळे मिटले.

"कोण आहे तिकडे? बोलत नाही? आजच घरी पाठवतो!"

मला डोळ्यांपुढे खिळेच खिळे दिसायला लागले. मोडू मौन? नको मोडू? इतक्या वर्षांचं व्रत! मी देवाची माफी मागत होते, आणि माफी मागायचीच म्हटल्यावर ती घाईत कशी मागणार? शेवटी मी धीर केला.

"साहेब, कोणता मजला?"

"काय?" पलीकडून आलं. माझा आवाज हा असा.

मग मी जन्मात पहिल्यांदा ओरडले. "कोणता मजला?" हॉलमधले सगळे डोळे फटाफट उघडले.

लिफ्ट उघडली तेव्हा मोठे साहेब रुमालाने डोळे पुसत होते. ते थेट आमच्याकडे आले.

"मी चिडलो, घाबरलो, मग मनातलं सगळं सांगितलं. लहानपणी मला गायक व्हायचं होतं, तेसुद्धा. एका शब्दाने कुणी अडवलं नाही. घरीही माझं असं कुणी ऐकत नाही. कोण ती मुलगी?"

रेडिओ उभी राहिली. तिची नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली.

"आणि मी गायला लागलो, तेव्हा मधेच कोण किंचाळलं?"

मी हात वर केला.

"ह्यांना ऐकून घ्यायची सवय नाही," मोठे साहेब आमच्या साहेबांना म्हणाले. "त्या मुलीच्या हाताखाली द्या."

तेव्हापासून रोज सकाळी रेडिओ माझ्याशेजारी बसते आणि गप्प कसं राहावं, ते मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत अखंड बोलून समजावते. मला उत्तर देता येत नाही, त्यामुळे माझी प्रगती उत्तम आहे, असं ती साहेबांना सांगते. माझी रोजची क्षमा आता तिच्यावरच संपते. ह्यांना ती फक्त रविवारी मिळते.